ओट्यावरची तेहेतीस पावलं

“मिस टुलसी, मी इथं शिंकलो तर काय होईल?”

ओल्ड मेसानं विचारलं आणि खरंच शिंकल्यासारखं केलं. त्याच्या हातात झाडूचा लांब दांडा होता. तो दांडा म्हणजे रायफल. चौऱ्याहत्तर वर्षांचा, सगळी हयात पुलांचं लोखंड जोडण्यात गेलेला तो धिप्पाड माणूस माझ्या खिडकीपाशी उभा राहून नाक चोळत होता आणि माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

“कोपरं टेकायला खिडकीची चौकट आहे,” मी म्हटलं. “शिंकलात तरी बंदुकीचं तोंड समोरच्या मातीच्या बांधाकडेच राहील.”

“मोठ्यानं बोला.”

“तोंड बांधाकडेच राहील!”

“हे तुमचं मोठ्यानं?” तो हसला. “बरं. आता माझी टोपी उडाली. मी ती पकडायला वळलो तर?”

“वळायला जागाच ठेवलेली नाही. डाव्या हाताला टेबल, उजव्या हाताला पिंप.”

त्यानं वळून पाहिलं. ढोपर पिंपावर आपटलं. “छान,” तो म्हणाला आणि ढोपर चोळत पुढं सरकला.

न्यू मेक्सिकोतल्या त्या उजाड माळावर दर ऑक्टोबरात मोठा मेळा भरायचा. दीडशे वर्षांपूर्वीच्या गुराख्यांसारखे कपडे, टोप्या, बूट घालून माणसं यायची. बंदुकाही त्याच जुन्या घडणीच्या. कमरेला दोन पिस्तुलं, एक रायफल, एक दुनळी. लोखंडी पाट्यांवर नेम धरायचा, घड्याळ लावून. ज्याची वेळ कमी आणि नेम चुकलेले कमी तो पुढं. खऱ्या नावानं कुणी कुणाला हाक मारायची नाही, असा तिथला रिवाज. मला नाव सुचेना तेव्हा मी अर्जावर ‘तुळस’ लिहिलं होतं. त्यांच्या जिभेवर त्याची टुलसी झाली.

मी बंदूक कधी हातात धरली नाही. ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर डॉक्टरांनी मोकळ्या हवेत जा, माणसांत मिसळा म्हणून सांगितलं, आणि एका जुन्या सहकाऱ्यानं ह्यांना या मेळ्यात ओढलं. मी सोबत डबे घेऊन जायची. झाडाखाली बसून स्तोत्र म्हणायची. बसल्या बसल्या मला दिसायचं की माणसं कुठं अडखळतात. एकदा मी मेळ्याची सुरक्षितता पाहणाऱ्या मेसाला हळूच म्हटलं, “ते टेबल चुकीच्या बाजूला आहे. तिथून रायफल उचलली की माणूस मागं वळतो.” त्यानं टेबल हलवलं. दुसऱ्या वर्षी त्यानं अख्खा एक देखावाच माझ्या हवाली केला.

ते त्याला स्टेज म्हणतात. मी मनात देखावा म्हणते. आमच्या मिरजेत गणपतीपुढं करतात तसा. प्रत्येक देखाव्याला एक गोष्ट लागते, नेमबाजानं सुरुवातीला म्हणायचं एक वाक्य लागतं, आणि माणसानं कुठून कुठं जायचं याची वाट लागते. गोष्ट रचायला मजा यायची. वाट आखायला मात्र मी पंगत डोळ्यांपुढं आणायची. गरम आमटीचं पातेलं ज्याच्या हातात आहे त्यानं मागं वळायचं नाही. वाढणाऱ्यांच्या वाटा एकमेकींना छेदायच्या नाहीत. पाट असे मांडायचे की कुणाचा पाय अडकणार नाही. बंदुकीला याहून वेगळं काय लागतं?

त्या वर्षीच्या माझ्या देखाव्यात गवळणीची गाय चोरीला गेली होती. घराची नुसती दर्शनी भिंत, तिला एक खिडकी आणि एक दार. भिंतीच्या अलीकडे फळ्यांचा ओटा. नेमबाजानं ओट्यावरून आधी खिडकीतून पिस्तुलं चालवायची, ती कमरेला ठेवून टेबलावरची रायफल उचलायची, दारापाशी यायचं आणि दारातून पलीकडच्या पाट्यांवर नेम धरायचा. पाट्या परातीएवढ्या आणि जवळ. नेम लागला की टण्ण आवाज येतो, त्यात खरा आनंद. उगाच लांब, बारकी पाटी ठेवून लोकांना हिरमुसलं का करायचं? पाट्या जरा पुढं कललेल्या, म्हणजे शिसं जमिनीत जातं. सुरुवातीचं वाक्य होतं, ‘माझी कपिला परत करा!’

“कॅपिला,” मेसा म्हणाला. “ही कॅपिला म्हणजे गाय ना? नक्की?”

“गायच.”

त्यानं दांडा खांद्याला लावून दारातून पाहिलं. टाचा आपटून फळ्या तपासल्या. मग खिशातून कागद काढून सही केली.

“मिस टुलसी, या माळावर इतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. माझ्या स्वयंपाकघरापेक्षा सुरक्षित.”

हे जेवताना म्हणाले, “सही घेतलीस म्हणे म्हाताऱ्याची. गेल्या वर्षी त्यानं दोघांचे देखावे पाडायला लावले होते.” मला बरं वाटलं होतं. जरा जास्तच.

आता त्या व्रताचं सांगते. ह्यांचं ऑपरेशन आषाढात झालं होतं. रुग्णालयाच्या बाकावर बसून मी गोपद्मांचं व्रत बोलले होते. चातुर्मासात रोज दाराशी रांगोळीनं तेहेतीस गोपद्मं काढायची, गायीची पावलं. पाच वर्षं. मग उद्यापन. हे पाचवं वर्ष होतं आणि वीस-बावीस दिवस उरले होते. एकही दिवस चुकला नव्हता. आमच्या सासूबाईंचा त्यात एक नियम होता: काढलेली गोपद्मं सूर्य मावळेपर्यंत आपण पुसायची नाहीत. वाऱ्यानं गेली, पावसानं गेली तर देवाची मर्जी. आपला हात लागायचा नाही. हे तर पाच वर्षं दारातून येता-जाता भिंतीला धरून, वळसा घालून जायचे.

शनिवारी सकाळी, मेळ्याच्या पहिल्या दिवशी, मी मेळ्यात राहायला घेतलेल्या भाड्याच्या गाडीतून रांगोळीचा डबा घेऊन उतरले. उजाडत होतं.

“पायरीवर काढ की,” हे आतून म्हणाले.

“जाळीची आहे हो. खाली गळते.”

खाली सगळी खडी. वारा सुटलेला. अख्ख्या माळावर स्वच्छ, सपाट आणि दार असलेली जागा एकच होती, आणि ती मीच बांधून घेतली होती. भिंतीमुळं तिथं वाराही लागत नव्हता. मी ओटा झाडला. दाराच्या अलीकडे, उंबऱ्याला लागून, अकरा-अकराच्या तीन ओळी काढल्या. हळदकुंकू वाहिलं. हात जोडले. इतकं प्रसन्न वाटत होतं म्हणून सांगू!

आठ वाजता आमचा गट जमला. गटाची प्रमुख डॉट, शाळेची बस चालवणारी, माझ्याच वयाची, बोलायला फटकळ.

“अगं बाई! हे काय काढलंस?”

“गायीची पावलं. आमचा नेम असतो रोजचा.”

“ऐका रे!” डॉट सगळ्यांना ओरडून म्हणाली. “मिस टुलसीची ही प्रार्थना आहे. चोरीला गेलेल्या गायीची पावलं. बूट जपून!”

दाढीवाले, मिशावाले, पट्टेवाले सगळे पुरुष वाकून पाहू लागले. एकानं टोपी काढली. दुसऱ्यानं फोटो घेतला. मी म्हटलं, “अहो, पडला पाय तर पडू दे,” पण माझा आवाज कुणाला ऐकू जातो? आणि खरं सांगायचं तर मी ते फारसं मनापासून म्हटलंही नव्हतं.

पहिला नेमबाज पुढं आला. “माझी कॅपिला परत करा!” तो गरजला. सगळे हसले. घड्याळ वाजलं. पिस्तुलं संपवून, रायफल घेऊन तो धावला आणि दारापाशी येताच त्यानं हरणासारखी उडी मारून रांगोळी ओलांडली. टाळ्या पडल्या. मीही हसले. मी उजवीकडे उभी होते, चुकलेले नेम मोजायला.

दुसरा माणूस जाडा होता. तो उडी मारणार नव्हता. तो रांगोळीच्या अलीकडेच थांबला, दारापासून चांगला हातभर मागं, आणि तिथूनच तिरका नेम धरला. तिसऱ्या गोळीला दाराच्या चौकटीची ढलपी उडाली.

“चौकटीलाही सजा झाली!” कुणीतरी म्हणालं.

पुन्हा हशा. मेसा तेव्हा नेमबाजाच्या मागं घड्याळ धरून उभा होता. तो हसला नाही. त्यानं चौकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी वाट आखली होती ती दारापर्यंत. दोन माणसं झाली, आणि एकानंही ती वाट धरली नव्हती.

मी मनात म्हटलं, एवढं काही नाही. मग म्हटलं, मेसाला सांगावं. पण सांगायचं काय? माझी पूजा पुसा म्हणून? सूर्य आत्ता कुठं वर आला होता. पाच वर्षं, आणि आता शेवटचे वीस दिवस. आणि ज्यांच्यासाठी व्रत घेतलं ते तिसरे होते. बंदुका भरायच्या टेबलाकडून हे ओट्यावर चढत होते. टोपीखालून त्यांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

“माझी कपिला परत करा,” हे म्हणाले. सगळ्या माळावर एकट्या ह्यांनाच तो शब्द नीट म्हणता यायचा.

घड्याळ वाजलं. पिस्तुलं झाली, दहाच्या दहा नेम लागले. रायफल उचलली. दाराकडे निघाले, आणि मला दिसलं की ह्यांचं लक्ष पाट्यांकडे नाही. हे खाली पाहत होते. पाच वर्षांची सवय. पण इथं वळसा घालायला जागा नव्हती. मीच ठेवली नव्हती. एका बाजूला पिंप, दुसऱ्या बाजूला ओट्याचा कठडा. ह्यांनी पाय उंच उचलला, लांब टाकला, तिन्ही ओळींच्या पलीकडे उंबऱ्यावर. उंबऱ्याची फळी चार बोटं रुंद. बुटाची टाच तिच्यावर मावली नाही. घोटा मुरगळला, खांदा फिरला आणि खांद्याबरोबर रायफलीचं तोंड बांधावरून सरकत, भिंतीवरून सरकत, आमच्या बाजूला यायला लागलं.

“थांबा!”

तो आवाज कुणाचा होता हे मला क्षणभर कळलं नाही. पलीकडच्या दोन देखाव्यांवरची माणसंही थांबली म्हणे. मराठीतला तो शब्द तिथं एकाच माणसाला कळत होता, पण बाकीचेही जागच्या जागी थिजले. हे एका पायावर, रायफल तिरकी, पुतळ्यासारखे उभे. मेसानं मागून ह्यांचा पट्टा पकडला, दुसऱ्या हातानं नळी बांधाकडे वळवली आणि रायफल काढून घेतली.

त्यानं रायफल उघडून आत पाहिलं.

“खटका दाबला गेला नव्हता,” मेसा म्हणाला. “गोळी अजून नळीत आलेलीच नव्हती. सगळे ठीक आहेत. सगळे ठीक आहेत.” दुसऱ्यांदा तो बहुतेक स्वतःलाच सांगत होता.

हे खाली बसले. मी ओट्यावर गेले. ह्यांच्या छातीवर हात ठेवला. धडधडत होतं, पण नीट, एका लयीत.

“लागलं कुठं?”

“घोटा जरा. अगं, तू ओरडलीस?”

मी उठले. पायातले बूट काढले. डॉटला माझा बेत कळला.

“अगं, नको! झाडू आणते. त्याच्यावर कसा पाय देतेस? ती तुझी प्रार्थना आहे.”

“हो,” मी म्हटलं. “पण देखावाही माझाच आहे.”

आणि मी अनवाणी पायानं पुसायला लागले. पहिली ओळ, दुसरी ओळ. हळदकुंकू फळ्यांवर पसरलं. तळव्याला रांगोळी खरखरत होती. कुणी हसलं नाही. तिसरी ओळ पुसताना मी मनात सासूबाईंना म्हटलं, ज्याच्यासाठी काढली त्याच्याच पायात आली हो. मग डॉटनं आणलेल्या ओल्या फडक्यानं फळ्या पुसल्या. कोरड्या केल्या.

मेसानं कागद काढला. त्याच कागदावर आदल्या दिवशी त्यानं सही केली होती.

“नियमाप्रमाणं बंदुकीचं तोंड फिरलं की माणूस बाद.” त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं.

“बाद करा,” हे म्हणाले. “बरोबर आहे.”

“त्यांची चूक नाही,” मी म्हटलं. “देखाव्याची आहे. माझं नाव लिहा.”

“देखाव्याला सही माझी आहे.” मेसानं पेन्सिल जिभेला लावली. “मी शिंकून पाहिलं, टोपी उडवून पाहिली. माणसं पाय कुठं ठेवतील ते सगळं पाहिलं. कुठं ठेवणार नाहीत, ते पाहायचं राहिलं. दोघांचं.” त्यानं काहीतरी लिहिलं आणि मान वर केली. “देखाव्यातला दोष. नेमबाजाला पुन्हा संधी. घोट्यावर बर्फ ठेवा आणि शेवटी या.”

हे शेवटी आले. लंगडत, सरळ दारापर्यंत गेले आणि दोन नेम चुकले. जन्मात कुणाचे नेम चुकल्याचा इतका आनंद मला झाला नव्हता. डॉटनं मला मिठी मारली तेव्हा मी रडतेय हे मला कळलं. त्या दिवशी माझ्या ओट्यावरून आणखी साठेक माणसं गेली. सगळी एकाच वाटेनं, एकाच जागी थांबून. संध्याकाळी मी फळ्यांवर हात फिरवून पाहिला. दाराशी मधोमध बुटांनी एक गुळगुळीत जागा झाली होती, मी आखली होती तिथंच.

रविवारी सकाळी मी रांगोळीचा डबा घेऊन उतरले तर गाडीजवळच्या झाडाखाली एक मोठा लोखंडी पत्रा पडलेला. काळा, घासून लख्ख केलेला, चार बाजूंनी दगड लावलेले. बाजूच्या खुर्चीवर मेसा कॉफी पीत बसला होता.

“इथं कुणाचा बूट येत नाही,” तो म्हणाला. “मी पाहिलंय. कुत्राही येत नाही.”

मी तेहेतीस काढली. त्यानं मोजली.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. मेसा आता नाही. पण त्या माळावर देखावा तपासायचा जो कागद आहे, त्यात शेवटची ओळ त्यानं स्वतःच्या हातानं घातलेली आहे, आणि ती अजून आहे: ‘इथं असं काही आहे का, ज्याच्यावर पाय द्यायला भल्या माणसाला नको वाटेल?’ नवी माणसं विचारतात, याचा अर्थ काय? मग डॉट सांगते. दर वर्षी माझा आवाज तिच्या गोष्टीत वाढत जातो. आता म्हणे डोंगरापलीकडची गुरं थांबली होती.

पण त्या वर्षी मात्र मी आनंदात नव्हते. ह्यांना काही झालं नाही, कुणालाच काही झालं नाही, त्याचा सुटकेचा श्वास तर होताच. तरी रात्रंदिवस मनात एकच: व्रत मोडलं. तेही पायानं. सोमवारी घरी परतल्यावर, सकाळी दाराशी गोपद्मं काढून झाली आणि मी मिरजेला अक्काला फोन लावला. अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिचं गोपद्मांचं उद्यापन केव्हाच झालेलं. मी सगळं सांगितलं. बंदुका ऐकून ती तीनदा “शिव शिव” म्हणाली.

“कुमे, काढली होतीस किती?”

“तेहेतीस.”

“पुरी?”

“पुरी. हळदकुंकूसुद्धा वाहिलं होतं.”

“मग झालं की गं काढून. नंतर पुसलीस.”

“अक्का, पायानं पुसली. सूर्य डोक्यावरही आला नव्हता. सासूबाईंचा नियम…”

“तुझ्या सासूबाईंच्या दारात नातवंडं रांगायची, म्हणून केला असेल त्यांनी नियम, कुणी पुसू नये म्हणून. तू मला सांग, ही पावलं कुणाची?”

“गायीची.”

“गाय दारात आली, की काय करते? उभी राहते दिवसभर?”

मी दाराकडे पाहिलं.

“पुढं जाते, बाई. चार घरं हिंडते. तुझ्या दारातून गेली ती, नवरा राखून गेली. आणखी काय पाहिजे तुला? उद्यापनाला तेहेतीस अनारसे कर, आणि त्या म्हाताऱ्याला चार जास्तीचे दे. ठेव फोन, माझं दूध उतू जातंय.”

फोन ठेवला आणि पाहिलं तर हे बाहेर फिरून आले होते. चपला काढून दाराशी उभे. एक हात भिंतीला, मुरगळलेला घोटा जपत, गोपद्मांच्या कडेनं वळसा घालायच्या तयारीत.

“काय म्हणाली अक्का?”

“गाय पुढं गेली म्हणाली.”

“म्हणजे?”

“म्हणजे भिंतीला धरून येऊ नका. सरळ या आत.”

ह्यांनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे. “अगं, पुसली जातील.”

“या तुम्ही.”

हे आले. अनवाणी, सावकाश, मधोमध. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर ह्यांची पांढरी पावलं उमटली. संध्याकाळपर्यंत मी ती पुसली नाहीत.